अकागेराही त्याच इतिहासाचा भाग आहे

‘सकाळी किगालीचं नरसंहार स्मारक, दुपारी अकागेराची सफारी, आधी दुःख, मग निसर्ग’ हा रवांडा सहलीवरच्या लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. रवांडात या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. १९९४ च्या नरसंहारानंतर परतलेले निर्वासित गुराढोरांसह अकागेरा राष्ट्रीय उद्यानातच वसले, १९९७ मध्ये उद्यान निम्म्याहून कमी उरलं आणि पुढे सिंह संपले. आज दिसतो तो २०१५ पासून बाहेरून आणलेल्या सिंहांचा वंश. गाइडला हे आवर्जून विचारा.

वेळेचं गणितही जमत नाही. किगालीतल्या गिसोझीच्या या स्मारकात अडीच लाखांहून अधिक बळींचं दफन आहे. मुलांच्या दालनात प्रत्येक फोटोखाली त्या लेकराचा आवडता खाऊ, आवडता खेळ आणि मृत्यू कसा आला ते लिहिलंय. तिथून लगेच जीपमध्ये बसवत नाही हो. अर्धा दिवस तिथे द्या, दुपारी न्यामाताचं चर्च (तेही नरसंहाराचं स्मारकच) बघा आणि अकागेरा दुसऱ्या दिवशी ठेवा. किगालीहून उद्यानाच्या दक्षिण गेटलाच अडीच तास लागतात. महिन्याचा शेवटचा शनिवार मात्र टाळा, सकाळी उमुगांडा म्हणजे देशभर श्रमदान असतं, वाहतूक जवळपास थांबते. गोरिला बघण्याचं १५०० डॉलरचं परमिट ठरलेल्या तारखेचंच असतं आणि सकाळी ७ ला किनिगीत, म्हणजे गोरिलांच्या उद्यानाच्या मुख्यालयात, हजेरी लागते, म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम जवळच्या मुसांझेतच हवा.