पैशांवरून फुटलो नाही हो आम्ही!

दादरच्या ग्रुपांवर फिरतंय की आमचा स्का बँड (स्का म्हणजे जमैकाचं फास्ट, नाचरं संगीत) पैशांवरून फुटला आणि आम्ही म्हणे रेगेच, म्हणजे तिथलंच दुसरं संथ संगीत, फास्ट वाजवायचो. दोन्ही चूक. पैसे होतेच कुठे भांडायला, मानधन नऊ जणांत वाटलं की वडापाव आणि रिटर्न तिकीट! ट्रंबोनवाला पुण्याला गेला, सॅक्सवाल्याला लग्नसराईत रोजची कामं, आणि ब्रासशिवाय, म्हणजे या फुंकायच्या वाद्यांशिवाय, स्का म्हणजे पावभाजीत भाजीच नाही, म्हणून थांबलो, बस.

आणि स्का आधीचा, रेगे नंतरचा. जमैकात १९६० च्या आसपास स्का, मग १९६६ च्या सुमारास संथ झालेला रॉकस्टेडी, आणि १९६८ च्या सुमारास रेगे. जमैकातल्याच किंग्स्टनचा स्का बँड स्काटलाइट्स, ते तर १९६४ ला जमले नि १९६५ ला फुटलेपण, आम्ही त्यांच्यापेक्षा जास्त टिकलो (फक्त टिकण्यात हां, वाजवण्यात नाही).