सातवी पायरी आणि शनिवारची भांडी

नमस्कार. मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ख्रिस्ती नम्रता म्हणजे स्वतःला कस्पटासमान लेखणं, सेवा म्हणजे त्या कस्पटाकडून फुकट राबवून घेणं, मठवासीयांसाठी नियमावली लिहिणाऱ्या संत बेनेडिक्टच्या नम्रतेच्या बारा पायऱ्या त्यासाठीच रचलेल्या, आणि पवित्र गुरुवारी (ईस्टरआधीच्या गुरुवारी) येशूने शिष्यांचे पाय धुतल्याच्या आठवणीत धर्मगुरूंनी लोकांचे पाय धुतले की मोठ्यांनी करायची सेवा वर्षभरापुरती संपली. यातलं अर्धं मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी उत्तर जरा लांबणार.

आधी मान्य काय ते. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीची सातवी पायरी आज वाचताना घशात अडकते. आपण सर्वांहून हीन आहोत हे नुसतं तोंडाने म्हणू नये, अंतःकरणापासून मानावं, असं तिथे आहे. आधाराला बायबलमधल्या 22व्या स्तोत्रातलं ‘मी कीटक आहे, मनुष्य नव्हे’ हे वचन. ज्याला आधीच कोणी मोजत नाही, त्याच्या हातात हे वाक्य सुटं देऊ नये. लेखात मी ते सुटंच दिलं. ती चूक माझी.

पण पायऱ्या सातव्या अध्यायात आहेत, आणि हीच नियमावली 35व्या अध्यायात स्वयंपाकघरात शिरते. तिथे भावनेची भाषा जवळजवळ नाही. सगळ्यांनी आठवड्याची पाळी करायची. आजारी किंवा महत्त्वाच्या कामात अडकलेला असेल त्यालाच सूट. अशक्त असेल त्याला मदतनीस द्यायचा, म्हणजे तो खिन्न मनाने काम करणार नाही. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने साफसफाई करायची, हातपाय पुसायचे पंचे धुवायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे. भांडी स्वच्छ आणि धड भांडारप्रमुखाकडे परत करायची. तो ती नव्या पाळीवाल्याला देणार, म्हणजे काय दिलं आणि काय परत आलं याचा हिशेब राहतो. वाढणाऱ्यांना जेवणाआधी थोडी भाकरी आणि पेय जादा, कुरकुर न करता काम व्हावं म्हणून. उपाशी माणसाकडून हसतमुख सेवेची अपेक्षा करू नये, इतकं साधं शहाणपण त्यात आहे.

माझा मुद्दा एवढाच: ही पाळी काढून टाकली आणि सातवी पायरी तेवढी ठेवली, की तुम्ही म्हणता तोच जुलूम तयार होतो. दोन्ही एकत्र असतील तरच ती नम्रता.

आता ‘कस्पटासमान’ या शब्दाबद्दल. योहानाच्या शुभवर्तमानातल्या 13व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, त्याआधीचं तिसरं वचन बहुतेक प्रवचनांत घाईने ओलांडलं जातं. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे ठाऊक असताना तो उठतो, बाहेरची वस्त्रं काढून ठेवतो, कंबरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो. धुऊन झाल्यावर वस्त्रं पुन्हा घालून बसतो आणि सांगतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे. स्वतःची किंमत कमी केल्याची इथे खूणही नाही. किंमत पक्की ठाऊक आहे, म्हणूनच वाकता येतं. प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातही (2:3) दुसऱ्याला श्रेष्ठ मानण्याची आज्ञा ‘एकमेकांना’ आहे. एकाच बाजूने पाळली तर ती आज्ञा मोडलेलीच असते. आणि लीनतेचं सोंग पौलाला चांगलं ठाऊक होतं. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो त्यावर तुटून पडतो.

पाय धुण्याच्या विधीवर मी फार भांडणार नाही. बहुतेक जण पाय घरूनच स्वच्छ करून येतात, हेही खरं! 1955 च्या सुधारणेत कॅथलिक चर्चने हा विधी संध्याकाळच्या मिस्सात (उपासनेत) घेता येईल असं केलं, पण नियमात पुरुषच होते. स्त्रियांचे पाय धुण्याची अधिकृत मुभा यायला 2016 उजाडलं. मात्र 2013 मध्येच पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात 12 जणांचे पाय धुतले, त्यात मुलीही होत्या आणि मुस्लीमही. नाटक कुठे संपतं, हे पाणी कोणाच्या पायावर पडतं त्यावरून कळतं.

‘नाही म्हणणाऱ्याला गर्विष्ठ ठरवतात’ हा तुमचा आरोप सगळ्यात गंभीर. त्यासाठी बेनेडिक्टच्या नियमावलीचा 68वा अध्याय वाचा. न झेपणारं काम सांगितलं तर आधी शांतपणे स्वीकारावं. ओझं खरंच ताकदीबाहेरचं दिसलं तर योग्य वेळी, न उसळता, कारणं वरिष्ठासमोर मांडावीत. त्यानंतरही वरिष्ठ ठाम राहिला तर आज्ञा पाळावी, असं बेनेडिक्ट म्हणतो. मठाचं व्रत न घेतलेल्या माणसावर हा शेवटचा भाग लादू नये, असं माझं स्पष्ट मत. पहिला भाग मात्र कोणत्याही चर्चच्या मंडळीत लागू व्हावा: कारण सांगायची जागा हवी, आणि सांगितल्यावर त्या माणसावर प्रवचन होता कामा नये.

शेवटी तुम्ही विचारलं आहे की उपासनेनंतर खुर्च्या उचलायला दरवेळी तेच चौघे का असतात. नम्रतेवर आणखी एक प्रवचन देऊन ते बदलणार नाही. कामांची यादी करा, प्रत्येक कामापुढे नाव आणि पाळी संपण्याची तारीख लिहा, वयस्कांच्या जोडीला एक तरुण द्या, आणि पाळकांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) नाव पहिल्याच महिन्यात घाला. त्यांनी त्या रविवारी बाहेरगावचं निमंत्रण घेतलं, तर पाळी पुढच्या रविवारी ढकला. रद्द करू नका.