“खराब ड्राइव्ह विकली” या एक स्टारच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

राम राम भाऊ. तुमची तक्रार दोनदा वाचली. आमच्याकडून घेतलेली २ टीबीची ड्राइव्ह “वापरात आहे” असं सांगत कधीच इजेक्ट होत नाही. फोनवर आमच्या दुकानातल्या मुलाने “ओढून काढा, काही होत नाही” म्हटलं. मग हळदीच्या फोटोंचं फोल्डर उघडेना, आणि ते परत काढून द्यायचे आम्ही ६०० रुपये घेतले, असं तुम्ही लिहिलंय.

“ओढून काढा” हे सांगणं चूकच होतं. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून यूएसबी ड्राइव्हला ‘क्विक रिमूव्हल’ (इजेक्ट न करता ड्राइव्ह काढता येण्याची सोय) मुळातच चालू असतं, म्हणून हा समज आमच्या धंद्यातही पसरलाय. पण ड्राइव्हवर लिहिणं चालू असताना ती सोय काही वाचवत नाही, आणि तुमच्या ड्राइव्हवर त्या क्षणी कॉपी चालू होती. नवरीच्या हळदीचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. फोल्डर परत मिळालं म्हणून आमची चूक लहान होत नाही. माफी मागतो. ६०० रुपये आजच परत करतो.

ड्राइव्ह खराब आहे हे मात्र मान्य नाही. गोलाणी मार्केटमधल्या आमच्या टेबलावर तुमच्यासमोरच ती तपासली, एकही बॅड सेक्टर (ड्राइव्हवरची निकामी झालेली जागा) निघाला नाही. तुम्ही सीपीयू आणलात तेव्हा खरं कारण कळलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (काय काय घडलं याची वही) ‘सिस्टिम’च्या नोंदींत २२५ क्रमांक शोधला, की ड्राइव्ह कोणत्या प्रोग्रामने अडवली त्याचं नाव दिसतं. तुमच्याकडे प्रत्येक वेळी एकच नाव होतं: आखाजीच्या लग्नसराईआधी तुमच्या सांगण्यावरून आम्हीच इन्स्टॉल करून दिलेलं बॅकअपचं सॉफ्टवेअर.

हे सॉफ्टवेअर नवा फोटो आला की लगेच कॉपी करता यावी म्हणून फोल्डरवर सतत पाळत ठेवतं. त्यासाठी ते फोल्डर त्याने आतून उघडं धरलेलं असतं. तुम्ही इजेक्ट दाबलं की विंडोज सगळ्या प्रोग्रामना “सोडता का?” विचारतं. नीट लिहिलेला प्रोग्राम तेव्हा सोडतो, हा सोडत नाही. खिडकी फुलीवर बंद केली तरी त्याची सर्व्हिस, म्हणजे न दिसता चालणारा भाग, मागे चालूच राहते. म्हणून सगळं बंद करूनही तुम्हाला तोच मेसेज यायचा. तुम्ही काही चुकीचं करत नव्हता. सॉफ्टवेअर टाकतानाच हे आम्ही सांगायला हवं होतं, ते राहिलं.

आता सतत पाळतीच्या यादीतून बाहेरची ड्राइव्ह काढतो आणि तिच्यावरची कॉपी रात्री ठरलेल्या वेळी लावून देतो. तोवर ड्राइव्ह काढायची असेल तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ यादीत जाऊन त्या सॉफ्टवेअरची सर्व्हिस ‘स्टॉप’ करा, मग इजेक्ट. तरीही अडलं तर शिफ्टचं बटण धरून शट डाउन करा. शिफ्ट न धरता केलेल्या शट डाउनमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’मुळे विंडोज पुरतं बंद होत नाही. दिवे विझले की केबल काढा.

ह्या आठवड्यात सीपीयू घेऊन या, अर्ध्या तासाचं काम आहे, पैसे नाहीत. अमळनेरहून जळगावला येणं जमत नसेल तर सांगा, मी स्वतः स्टुडिओवर येतो.