टॉपमध्ये व्हेरिएबल चालतं, फक्त कंस घाला

‘एसक्यूएलचे चार नियम’ (एसक्यूएल म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागवायची भाषा) नावाचा एक मेसेज ठाणे-नवी मुंबईत नोकरी शोधणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. महापेला मुलाखतीला निघालेल्या माझ्या भाचीने तो वहीत उतरवून घेतला, म्हणून हे लिहिणं भाग आहे. नियम असे: १) किती ओळी हव्यात तो आकडा व्हेरिएबलमधून (नाव दिलेल्या, बदलत्या किमतीतून) देता येत नाही, क्वेरीच्या म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या मजकुरातच जोडा. २) नाहीतर सेट रोकाउंट (ओळींची मर्यादा घालणारी सूचना) वापरा. ३) टॉप (वरच्या ठराविक ओळीच आणा) असेल तर ऑर्डर बाय (ओळी क्रमाने लावा) नको. ४) टॉप लावला की क्वेरी फास्ट होतेच.

पहिला नियम सगळ्यात घातक. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून टॉपला व्हेरिएबल चालतं. ‘सिलेक्ट टॉप @किती’ लिहिलं की सिंटॅक्स एरर येतो. ‘सिलेक्ट टॉप (@किती)’ लिहिलं की काम होतं. कंस विसरायचा आणि ‘चालतच नाही’ म्हणून गावभर सांगायचं, हे काय शिकवणं झालं?

जोडाजोडीत काय होतं तेही बघा. @किती इंट (पूर्णांक) असेल तर ‘'सिलेक्ट टॉप ' + @किती’ वर कन्व्हर्जन एरर येतो, कारण सर्व्हर त्या मजकुरालाच आकडा करायला जातो. मग लोक व्हेरिएबलच व्हारकॅर (मजकूर) करून टाकतात. एरर जातो आणि दार सताड उघडतं. पेजवरच्या ‘किती ओळी’च्या चौकटीत कुणी ‘१० नाव, मोबाइल फ्रॉम ग्राहक --’ असं टाकलं, की ग्राहकांची यादी बाहेर. दोन डॅशच्या पुढे त्या ओळीत तुम्ही लिहिलेलं सगळं, व्हेअरच्या अटींसकट, निव्वळ कॉमेंट ठरतं. आकडा इंट पॅरामीटर (क्वेरीला वेगळी दिलेली किंमत) म्हणूनच आत येऊ द्या. डायनॅमिक (चालवताना जुळवलेली) क्वेरी लागलीच, तर ती चालवणाऱ्या एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएलला तो आकडा पॅरामीटर म्हणून द्या, जोडू नका.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये टॉपऐवजी लिमिट असतं, आणि तिथे ‘लिमिट @किती’ थेट लिहिलं तर १०६४ हा सिंटॅक्स एरर येतो. पण तिथेही जोडाजोडीची गरज नाही. प्रिपेअर केलेल्या (आधी तयार ठेवलेल्या) क्वेरीत ‘लिमिट ?’ ठेवा आणि एक्झिक्यूट करताना ‘युझिंग @किती’ द्या. ५.५.६ आवृत्तीपासून स्टोअर्ड प्रोसिजरचा (डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडचा) इंट पॅरामीटर लिमिटमध्ये सरळ चालतो. पीएचपीत पीडीओ (डेटाबेसशी जोडणारी सोय) वापरत असाल तर एक खड्डा आहे: एक्झिक्यूटला अ‍ॅरे दिला की आकडा स्ट्रिंग म्हणून जातो, क्वेरीत अवतरणासकट ‘'१०'’ पडतो आणि पुन्हा तोच १०६४. बाइंडव्हॅल्यूला पॅरॅम_इंट सांगा. पोस्टग्रेस या तिसऱ्या डेटाबेसमध्ये लिमिटला पॅरामीटर विनातक्रार चालतो. फक्त तो नल (रिकामा) गेला तर मर्यादाच उरत नाही, अख्खं टेबल येतं.

सेट रोकाउंट हा २००५ च्या आधीचा उपाय. त्या काळी ठीक होता. तो एका क्वेरीपुरता नसतो, प्रोसिजरमधल्या पुढच्या विधानांनाही लागतो. सेट रोकाउंट ० करायचं राहिलं, की ५,००० ओळींचं अपडेट १० ओळींवर थांबतं आणि एररही येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या टॉपवरच्या पानावर रोकाउंटऐवजी टॉप वापरा असंच सांगितलंय, आणि ऑर्डर बाय नसेल तर ओळींचा क्रम कुठलाही असू शकतो, हेही. तिसरा नियम तिथेच निकालात निघतो.

उलट ऑर्डर बाय पूर्ण हवा. तक्रारींची यादी पानापानाने दाखवताना तो नुसत्या तारखेवर लावला आणि एकाच दिवशी नौपाड्यातून ४० तक्रारी आल्या असतील, तर एकच तक्रार पहिल्या पानावरही दिसेल आणि दुसऱ्यावरही, एखादी कुठेच दिसणार नाही. तारखेमागे तक्रार क्रमांक जोडा.

वेगाचं म्हणाल, तर ऑर्डर बायच्या कॉलमवर उपयोगी इंडेक्स (शोधसूची) नसेल तर १० ओळींसाठीही व्हेअरमध्ये बसणाऱ्या सगळ्या ओळी वाचाव्या लागतात. शिवाय टॉपमध्ये लोकल व्हेरिएबल असेल तर एसक्यूएल सर्व्हर १०० ओळींचा अंदाज धरून प्लॅन (क्वेरी चालवायची आखणी) बनवतो. प्रत्यक्षात ५०,००० मागितल्या तर तो प्लॅन फसतो. अशा क्वेरीला शेवटी ऑप्शन (रीकंपाइल) लावा, म्हणजे खरा आकडा बघून प्लॅन बनेल.