सोळाशे तीस वाजता येतो

जुन्या धाटणीचे फील्ड वॉच घ्यावे असे आपल्या मनात आले असेल, तर आपले अभिनंदन. पण पैसे मोजण्यापूर्वी ‘याची गरज काय’ या घरच्या प्रश्नावर एक उत्तर तयार ठेवावे. वेळ पाहण्यासाठी, हे उत्तर देऊ नये. वेळ खिशातला फोन दाखवतो, कचेरीच्या भिंतीवरचे घड्याळ दाखवते, आणि आपण बेळगावच्या टिळकवाडीत राहत असाल तर सकाळपासून दुसरे रेल्वे गेट कितीदा पडले यावरूनही ती अदमासे सांगता येते. योग्य उत्तर असे की हे घड्याळ रणांगणासाठी घडवलेले आहे. आपली मोहीम टिळकवाडी ते खडेबाजार आणि परत, एवढीच असते आणि तीत शत्रूपक्ष म्हणून उलट्या दिशेने येणारी रिक्षा तेवढी भेटते, हा तपशील घरच्यांना आधीच ठाऊक असल्याने पुन्हा सांगण्याचे कारण नाही.

गुणदोष तोलताना आरंभ वंशावळीपासून करावा, कारण किमतीचा मोठा वाटा तिथेच गेलेला असतो. पहिल्या महायुद्धात खंदकात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला खिशातून साखळीचे घड्याळ काढण्याची सवड नव्हती, म्हणून तशाच लहान घड्याळांना तारेच्या कड्या जोडून ती मनगटावर बांधली गेली. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे १९४५. ब्रिटिश सैन्याने काळी तबकडी, ठळक आकडे, अंधारात चमकणारे काटे, लहानसा वेगळा सेकंद काटा आणि पाण्यापासून संरक्षण अशा अटी घालून बारा कंपन्यांकडून घड्याळे करून घेतली. ओमेगा, लाँजीन, आयडब्ल्यूसी, सायमा, टिमॉर, व्हर्टेक्स वगैरे या बारा बलुतेदारांच्या घड्याळांच्या पाठीवर ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’ अशी अक्षरे असत. त्यांचा अर्थ ‘घड्याळ, मनगटी, जलरोधक’ एवढाच होता. कोठाराच्या वहीत ‘डाळ, तूर, पोते एक’ असे लिहितात, त्याच जातीची ही भाषा. यातली पुष्कळशी घड्याळे युरोपातले युद्ध संपल्यावर सैन्याच्या हाती पडली. हा दोष समजू नये. लढाई आटोपल्यावर पोहोचलेल्या घड्याळाची प्रतिकृती आपल्याइतकी शोभेल असा दुसरा माणूस मिळणे कठीण आहे.

अमेरिकन वंशावळ आणखी उद्बोधक आहे. त्यांच्या १९६४ च्या लष्करी मानकाने मागितलेले घड्याळ साधे आणि स्वस्त होते, आणि ते बिघडले तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता फेकून द्यावे असा त्यामागचा हिशेब होता. आज त्याच घड्याळाची नक्कल ‘पुढच्या पिढीच्या हाती सोपवा’ अशा आर्जवासह विकली जाते. आपण ती अवश्य सोपवावी. पुढची पिढी मूळ मानकाचे पालन करील.

आता तबकडीकडे वळावे. बाहेरच्या वर्तुळात १ ते १२ आणि आतल्या बारीक वर्तुळात १३ ते २४ असे आकडे असतील, तरच घड्याळ अस्सल समजावे, आणि ते मनगटावर चढताच दुपारी साडेचार वाजता येतो असे म्हणणे सोडून ‘सोळाशे तीस वाजता येतो’ असे म्हणावे. समोरचा मराठी माणूस असल्यास तो क्षणभर सावरून उभा राहील, कारण सोळाशे तीस म्हणजे शिवजन्माचे वर्ष हे त्याला शाळेपासून पाठ आहे, आणि त्या वर्षी आपण कुठे येणार होतात हे त्याला उमगणार नाही. गैरसमज दूर करू नये. आपल्याविषयीचा आदर वाढण्याचे प्रसंग तसे थोडेच येतात.

सीमाभागात मात्र हे आतले वर्तुळ जपून वापरावे लागते. पुण्यातल्या माणसाच्या घड्याळात रात्रीचे आठ वाजायला चार मिनिटे कमी असतात तेव्हा तेवढेच वाजलेले असते. आपल्याकडे त्या क्षणी एकोणीसशे छप्पन्न वाजतात, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत ते एकदा वाजले ते आजतागायत थांबलेले नाहीत. राज्य पुनर्रचनेचे ते १९५६ आणि महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला ते २००४, यांमध्ये आपल्या घड्याळाच्या हिशेबाने फक्त आठ मिनिटांचे अंतर आहे. प्रत्यक्षात अठ्ठेचाळीस वर्षे गेली. आणखी दहा मिनिटांनी, म्हणजे वीसशे चौदा वाजता, शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. सीमावाद तपासणाऱ्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ सालचा, आणि कोणत्याही घड्याळात एकोणीसशे सदुसष्ट वाजू शकत नाहीत, कारण साठाव्या मिनिटाला तास बदलतो. महाराष्ट्राने तो अहवाल का फेटाळला याची कारणे पुष्कळ सांगितली जातात, पण हे यांत्रिक कारण आजवर कोणी मांडलेले नाही. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले ते १९२४ सालचे, आणि फलकांवर साठ टक्के कन्नड असलेच पाहिजे असा कायदा झाला तो २०२४ सालचा. घड्याळात पाहाल तर हा बरोबर एका तासाचा मामला आहे. तासाभरात शंभर वर्षे पळणारे घड्याळ कोणत्याही घड्याळजीला दाखवले तर तो ते उघडण्याआधीच मान हलवील.

तबकडीवर नुसते आकडे आहेत, एकाही भाषेचे अक्षर नाही, हाही इथे मोठाच गुण मानावा. साठ टक्क्यांचा नियम मनगटांना अद्याप लागू झालेला नाही.

काट्यांवरच्या आणि आकड्यांवरच्या चमकत्या रंगाला आपण सारे रेडियम म्हणतो, आणि एके काळी ते खरोखर रेडियमच होते. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे. पण त्याच्या किरणांनी चमकणारी पूड काही दशकांतच करपते, आणि पांढरट रंग दूध घातलेल्या चहासारखा तपकिरी होतो. हा म्हातारा रंग आता नव्या घड्याळांना कारखान्यातच लावून मिळतो. आतला पदार्थ किरणोत्सर्गी नसतो, तेव्हा चिंता नको. वार्धक्य तेवढे आयते आहे. १९२० च्या आगेमागे अमेरिकेत असे आकडे रंगवणाऱ्या मुली ब्रशाला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत आणि त्यांपैकी कित्येकींचे जबडे झिजून त्या मेल्या, ही हकिगत वारशाच्या पुस्तिकेत सहसा येत नाही. त्या रंगाची तारीफ करताना आपणही ती काढू नये. मजा जाते.

असे घड्याळ हाती बांधून आपण उचगावच्या निवृत्त सुभेदार मामांकडे गेलात, तर ते चष्मा वर सरकवून म्हणतील, “नवं हाय म्हणतोस, मग जुन्यावानी का दिसालंय रे?” या प्रश्नाला उत्तर नाही. चहा प्यावा आणि पावसाचा विषय काढावा.

पावसाचा विषय निघालाच आहे, तर पाठीवर लिहिलेल्या ‘५० मीटर’ या शब्दांचा अर्थ समजून घ्यावा. पन्नास मीटर खोल उतरण्याचा हा परवाना नव्हे. प्रयोगशाळेतल्या स्थिर पाण्याच्या तेवढ्या दाबाखाली घड्याळ टिकले, एवढीच ती ग्वाही आहे. कुठे कुठे तोच दाब ‘५ बार’ असा लिहितात, त्याचा चोर्ला घाटाच्या पलीकडच्या, गोव्यातल्या दुकानांशी संबंध जोडू नये. जांबोटी आणि कणकुंबीकडचा पाऊस प्रयोगशाळेतल्याप्रमाणे स्थिर उभा राहत नाही. पट्ट्याविषयी थोडक्यात: जुनाट दिसणारा चामडी पट्टा घेतल्यास आषाढात त्यावर आपोआप हिरवी बुरशी चढते आणि कंपनीने अर्धवट सोडलेले जुनेपण पूर्ण होते. नायलॉनचा घेतल्यास तो घड्याळाच्या खालून ओवलेला असल्यामुळे एका बाजूची पिन तुटली तरी घड्याळ हातीच राहते. याला नाटो पट्टा म्हणतात, आणि आपले मित्र त्यावरून युक्रेनपर्यंत जातील. नाव मात्र लष्करी कोठारातल्या सामानाच्या क्रमांकावरून पडलेले आहे.

आकाराचा वाद फार ताणू नये. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन ए-११ घड्याळ जेमतेम ३२ मिलिमीटरचे होते, म्हणजे आज दुकानदार जे ‘लेडीज’ म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवतो, तेवढे. आपण घेणार ते ३८ किंवा ४० मिलिमीटरचे. युद्धापासून आजपर्यंत मनगटे वाढली की शौर्य, हे ज्याचे त्याने ठरवावे.

इंग्रजी ‘फील्ड’चा मराठी अर्थ शेत असाही होतो, तेव्हा एकदा खरोखरच शेतावर जाऊन यावे, असे मी सुचवीन. खानापूर तालुक्यात रोप लावणी चालू असताना बांधावर उभे राहून पाहावे: गुडघाभर चिखलात वाकलेल्या माणसांपैकी कोणाच्याही मनगटावर घड्याळ नसते, जेवणाची वेळ डोक्यावर भाकरीची बुट्टी घेऊन येणारी बाई ठरवते. उद्यमबागेत लेथवर काम करणारा माणूस कामाला उभे राहण्यापूर्वी घड्याळ काढून डब्याशेजारी ठेवतो, कारण फिरत्या जॉबमध्ये पट्टा सापडला तर त्यामागून हात जातो. आणि कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रिक्रूट पहाटे धावतात, त्यांच्या हातावर बहुधा काळे, हलके, प्लास्टिकचे, सेलवर चालणारे डिजिटल घड्याळ असते. ज्यांचे हात खरोखर कामात आहेत त्यांना कामाचे घड्याळ परवडत नाही, असा याचा अर्थ नव्हे. त्यांना ते कामाच्या वेळी सोसत नाही. ते सोसण्याजोगे सुरक्षित हात आपले आहेत. खुर्चीच्या हातावर ठेवलेले.

यावर कोणी म्हणेल की सेलचे घड्याळ अधिक अचूक असते. म्हणू द्यावे. सेलच्या घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि महिन्याकाठी पंधरावीस सेकंद चुकतो. चावीच्या घड्याळाचे बॅलन्स चक्र तासाला १८,००० किंवा २१,६०० ठोक्यांच्या शांत गतीने चालते आणि तितकेच सेकंद दिवसात चुकू शकते. म्हणजे महिन्याला सुमारे दहा मिनिटे. गोरज मुहूर्ताच्या लग्नाला या घड्याळावर विसंबून जाऊ नये. बाकी समारंभांना दहा मिनिटे म्हणजे वेळेआधी पोहोचणेच होय.

आणि आता कपाटातल्या त्या घड्याळाविषयी. ते आपल्याकडे असणारच. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूला घड्याळे करण्यास सुरुवात केली, आणि पुढची तीनेक दशके या भागात ज्या जावयाला सासऱ्याकडून एचएमटी मिळाले नाही तो लग्नाच्या फोटोत डावा हात मागे ठेवून उभा असे. एचएमटीच्या ‘पायलट’ घड्याळाची काळी तबकडी, ‘जवान’च्या तबकडीवरचे चोवीस तासांचे आकडे, सतरा ज्युएल, रोजची चावी: आपण ज्याची प्रतिकृती शोधत आहात त्यातले पुष्कळसे तिथेच होते. काही ‘जनता’ घड्याळांच्या तबकडीवर तर नाव देवनागरीत होते. बेंगळुरूहून देवनागरी पाटी लावून आलेली वस्तू बेळगावात एवढ्या निमूटपणे नांदली, आणि बेंगळुरूच्या नावाने घोषणा देण्यासाठी उगारलेल्या मुठींखाली बेंगळुरूचेच घड्याळ टिकटिकत राहिले, याची नोंद दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी घेतलेली दिसत नाही. २०१६ मध्ये ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला.

तरीही आजोबांचे ते घड्याळ वापरण्याचा मोह टाळावा. त्याची काच ओरखडलेली आहे, आणि हे ओरखडे कोणत्याही डिझायनरने काढलेले नाहीत. घड्याळजी तेलपाणी करून देतो म्हणेल, ‘परवा या’ म्हणेल, आणि तीनशे-चारशे रुपयांत काम होईल. एवढ्या थोडक्यात मिळालेल्या वस्तूविषयी चारचौघांत अर्धा तास बोलता येत नाही. शिवाय त्यात वारसा नाही. नुसतेच आजोबा आहेत.

सरतेशेवटी हॅकिंग. चावी बाहेर ओढली की सेकंद काटा जागीच थांबतो. हल्ल्यापूर्वी सर्व तुकड्यांची घड्याळे एकाच क्षणी जुळवता यावीत यासाठी ही सोय आली, आणि या घड्याळाच्या सर्व गुणांत हा सर्वांत मोलाचा मानतात. घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी आपण ही कवायत करालच. फोन टेबलावर ठेवाल, चावी ओढाल, सेकंद काटा बारावर आणून थांबवाल आणि फोनमध्ये मिनिट पालटण्याची वाट पाहाल. तेवढ्यात आतून ‘दूध उतू चाललंय, गॅस बंद करा ओ’ अशी हाक येईल. आपण गॅस बंद कराल, ओटा पुसाल, दूध कोणाच्या लक्षात राहायला हवे होते या विषयावर थोडी चर्चा होईल, आणि जेवणे होतील. सकाळी घड्याळ बांधून आपण कचेरीत जाल. तिथे तिघेजण ते हातात घेऊन पाहतील, एक जण काच नखाने वाजवील, साहेब ‘मिलिटरीचं का?’ असे विचारतील, आणि आपण त्यांना १९४५ पासून सांगायला लागाल. चावी अजून बाहेरच आहे आणि सव्वाआठ वाजलेले आहेत, हे बुधवारी आंघोळीच्या वेळी घड्याळ काढताना आपल्या ध्यानात येईल. घड्याळ आपण सोमवारी आणले होते.