लाइन आहे काय?

विदर्भातल्या खेड्यात बदली झाली? घाबरू नका. इंग्रजीतला एकच शब्द घोटून या: लाइन. तेवढ्यावर निवृत्तीपर्यंत निभतं.

सकाळी शेजारी 'लाइन आहे काय?' म्हणाला तर रांग पाहायला दारात धावू नका. तो विजेबद्दल विचारतोय. वीज इकडे दोनदाच पडते: पावसाळ्यात झाडावर आणि निवडणुकीत भाषणातून. घरात येते ती लाइन. तिचं येणं-जाणं असतं, कधी ती 'कमी येते', तेव्हा पंखा नुसता मान हलवतो.

शेतातली लाइन जास्त मानाची. वर्षानुवर्षं तिचा रिवाज ठरलेला: आठवडा पाहून दिवसा 8 तास, नाहीतर रात्री 10. रात्रीची पाळी थंडीत आली की माणूस मफलर गुंडाळून हरभऱ्यात उभा, एका हातात टॉर्च, डोळा पंपाच्या स्टार्टरच्या दिव्यावर. झोपेचं महत्त्व त्याला तेव्हाच पटवून द्या. जागाच असतो, नीट ऐकेल. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला फ्यूज उडाला तर लाइनमनला फोन करा. लागणार नाही, टॉवरचीही लाइन गेलेली असते. चुकून लागलाच तर तो म्हणेल, "लाइनवर आहो!" खांबावर की फोनवर, हे विचारायचं नसतं.

कापूस विकायला न्याल तेव्हाची लाइन गाड्यांची. तिथे गाडीखालच्या सावलीत झोपायची सोय असते. कॉलेजचं पोरगं 'लाइन मारतो' म्हणालं तर त्याला वायरिंगचं काम देऊ नका.

पत्ता विचाराल तर 'लाइन ओलांडून उजवीकडे' असं कळेल. ही शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेची, यवतमाळ ते मूर्तिजापूर, अडीच फुटी, 113 किलोमीटर. गाडी कधीच बंद पडली, पण लोक ओलांडताना अजून दोन्हीकडे बघतात.

आता थोडी विद्वत्ताही पाजळा. लाइनचं मूळ लॅटिन 'लिनम', म्हणजे आपलं जवस. त्याच्या धाग्याची दोरी, ती पहिली लाइन. म्हणजे खांबावरची तार आणि ताटातली जवसाची चटणी एकाच कुळातल्या. मी हे घरमालकीण काकूंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या खलबत्त्यात जवस कुटत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या,

"मंग मिक्सर काहून बंद आहे, बापा?"