उथळ बाजूचा आदर्श

वयाच्या ५२व्या वर्षी मी पोहायला शिकायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे गुडघ्यांच्या डॉक्टरांनी ठरवलं, मी फक्त चड्डी आणली. याला सहा महिने झाले. माझ्याबरोबर सुरुवात केलेली आठ-नऊ वर्षांची पोरं केव्हाच खोल पाण्यात गेली. मी अजून साडेतीन फुटांवर, कडेची दांडी धरून आहे. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण ज्याला सुचली त्यानं मला पाय मारताना पाहिलं असावं.

प्रशिक्षक भला माणूस आहे. "सर, छातीत हवा भरून घ्या, अंग सैल सोडा, शरीर आपोआप तरंगतं," असं रोज न चिडता सांगतो. शास्त्र त्याच्या बाजूनं आहे. माझी छाती तरंगतेही. पायांना मात्र हे कुणी कळवलेलं नाही. ते शांतपणे तळाकडे निघतात, मागोमाग कंबर जाते, आणि श्वास पाण्यात सोडायचा असतो हे विसरून मी नेमका तिथेच घेतो. मग खोकला. गॉगल कपाळावर, टोपी एका कानावर, आणि नाकातून जे येत असतं त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

गेल्या महिन्यात अशीच एक गटांगळी खाऊन वर आलो, तर समोर एक आजोबा कमरेइतक्या पाण्यात उभे. हे गृहस्थ मी आल्यापासून काठावर पाय सोडून बसलेले असायचे. हात जोडून म्हणाले, "तुमच्यामुळे आज पाण्यात उतरलो."

मी खोकत खोकत मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"अहो, तुम्हालाच म्हणतोय. तो पलीकडचा मुलगा मासोळीसारखा जातो. त्याला बघून वाटायचं, हे आपलं काम नाही. पण तुम्ही रोज बुडता आणि रोज परत येता!"

घरी मी हे थोडं फुगवून सांगितलं. मुलगी मानसशास्त्र शिकते. (घरात मानसशास्त्र शिकणारं माणूस असू नये.) ती म्हणाली, "बाबा, यात नवल काय? अल्बर्ट बांडुरानं १९७७मध्येच लिहून ठेवलंय. सफाईनं करणाऱ्यापेक्षा धडपडत करणाऱ्याला बघून माणसाची भीती लवकर जाते."

"म्हणजे चुकणारी माणसं लोकांना आवडतात तर!"

"तसं नाही. एलियट ॲरनसनचा १९६६चा एक प्रयोग आहे. प्रश्नांची जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर देणाऱ्या माणसानं कॉफी सांडली, तर तो ऐकणाऱ्यांना जास्त आवडला."

"आणि बेताच्या माणसानं सांडली तर?"

"होता त्याहून नावडता झाला."

मी पुढे काही विचारलं नाही.

आदर्श झाल्यापासून माझे हाल वाढलेत. पूर्वी कंटाळा आला की खुशाल झोपायचो. आता दांडी धरता येते, मारता येत नाही, कारण आजोबा वाट बघत असतात. ते आता आडवा तलाव पार करतात, पलीकडे पोचले की मला हात करतात, आणि मी दांडीचा एक हात सोडून त्यांना उलट हात करतो. माझी त्या दिवसातली सगळ्यात धाडसाची गोष्ट तीच.

परवा ते आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन आले. "हिलाही पाण्याची फार भीती. म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावं." बाई काठावर पदर घट्ट धरून बसल्या आणि माझ्याकडे एकटक बघू लागल्या. एवढ्या विश्वासानं आजवर माझ्याकडे कुणी पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी मुद्दाम एक छोटीशी गटांगळी खावी, असं मनात आलं.

मुद्दाम खायची वेळ आली नाही.